दवबिंदूचा संकर घरी कसा करावा, आणि रसायनाच्या बाटलीपासून लांब का राहावं

जगात ड्रॉसेराच्या, म्हणजे दवबिंदू या कीटक खाणाऱ्या वनस्पतीच्या, अडीचशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या कित्येक एकमेकींशी संकर पावतात. रानात हे आपोआप होतं, कुंडीत ते चिमट्याने करता येतं. त्यासाठी दोन निरोगी झाडं, बारीक टोकाचा चिमटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, रंगीत दोरा आणि नोंदवही पुरते. बाकी लागते ती थांबायची तयारी, कारण परागसिंचनापासून संकर रोपाच्या पहिल्या फुलापर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

ही थांबायची तयारी नसली की लोक आडवाट शोधतात. गुणसूत्रं दुप्पट करणारं कोल्चिसिन कुठे मिळेल, उत्परिवर्तन घडवणारं ईएमएस बियांवर कसं वापरायचं, अशी विचारणा मी अशा लोकांकडून ऐकतो ज्यांनी अजून एकही हातसंकर केलेला नसतो. त्यामुळे आधी संकराची पद्धत पहिल्या कळीपासून सांगतो आणि मग ही रसायनं घरात का आणू नयेत, ते.

जोडी निवडणं

अर्धं यश इथेच ठरतं. दोन जाती जितक्या जवळच्या नात्यातल्या, तितकं बी धरण्याची शक्यता जास्त. सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेतल्या जातींकडे वळावं: कॅपेन्सिस, अ‍ॅलिसी, व्हेनुस्टा, डिएल्सियाना, निडिफॉर्मिस. या वर्षभर वाढतात, त्यांना हिवाळी विश्रांती लागत नाही, आणि फुलदांडे एकामागून एक येत राहतात. कॅपेन्सिस आणि अ‍ॅलिसी यांचा संकर बऱ्याच जणांनी केलेला आहे आणि पहिल्या प्रयत्नासाठी तो उत्तम. लांब पट्टीसारखं पान आणि जमिनीलगतचा गोल गुच्छ यांच्या मधलं रूप रोपात स्पष्ट दिसतं, म्हणजे आपला संकर जमला की नाही हे ओळखणं सोपं जातं.

गुणसूत्रांची संख्या पाहून घ्यावी. रोटुंडिफोलिया, इंटरमीडिया, फिलिफॉर्मिस यांची २०, कॅपेन्सिस आणि अँग्लिकाची ४०, अ‍ॅलिसीची ८०. संख्या वेगळी असली तरी बी धरू शकतं, मात्र त्यातून येणारं रोप बहुधा वांझ निघतं. याचं सगळ्यात जुनं आणि नीट अभ्यासलेलं उदाहरण दवबिंदूचंच आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो रोझेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रोटुंडिफोलिया आणि अँग्लिका यांच्या नैसर्गिक संकराच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. संकरात ३० गुणसूत्रं होती. पराग तयार होताना त्यातल्या २० गुणसूत्रांच्या १० जोड्या जमत होत्या आणि उरलेली १० एकटी राहत होती. ही एकटी गुणसूत्रं कशीही वाटली जातात, पराग बिघडतो, बी धरत नाही. या संकराला आज ड्रॉसेरा × ओबोव्हाटा म्हणतात, आणि चमच्यासारख्या पानांचं हे देखणं रोप पानाच्या तुकड्यांपासून सहज वाढतं.

संख्या जुळली म्हणजे काम झालं असंही नाही. फिलिफॉर्मिस आणि इंटरमीडिया दोन्ही २० गुणसूत्रांच्या, तरी न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये आपोआप होणारा त्यांचा संकर, ड्रॉसेरा × हायब्रिडा, वांझ आहे. याउलट फिलिफॉर्मिस आणि ट्रेसी यांचा संकर सुपीक असतो. 'कॅलिफोर्निया सनसेट' नावाने लोक वाढवतात तो हाच. नात्याने लांबच्या जातींवर, उदाहरणार्थ गटापासून एकटीच वेगळी पडलेली रेजिया, पहिले प्रयत्न खर्च करू नयेत.

आई कोण आणि बाप कोण हेही आधी ठरवा. कॅपेन्सिस स्वतःच्याच परागाने इतकं सहज बी धरते की तिला आई केल्यावर जरा हलगर्जी झाली तर सगळं बी शुद्ध कॅपेन्सिसचंच निघतं. शक्य असेल तर स्वपरागाने बी कमी धरणारी जात आई करा आणि कॅपेन्सिसचा पराग वापरा. कॅपेन्सिसलाच आई करायचं असेल तर त्यावर एक सुंदर उपाय आहे, तो पुढे येईलच.

झाडांची तयारी

अशक्त झाडाला फुलदांडा येतो, पण बोंड भरण्याइतकी ताकद त्यात नसते. पीट (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा धुतलेली सिलिका वाळू निम्मी-निम्मी, खालच्या ताटलीत कायम पाणी, आणि ते पाणी पावसाचं, आरओचं किंवा डिस्टिल्ड. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ५० पीपीएमच्या खाली असलेले बरे. नळाच्या पाण्यातले क्षार हळूहळू साठतात आणि बोंड भरायच्या ऐन वेळी झाड मान टाकतं. कोकोपीटमध्ये मीठ उरलेलं असतं, त्यामुळे ते टाळलेलंच बरं. मातीत खत नको. उजेड भरपूर हवा, कारण कमी उजेडात ड्रॉसेराची फुलं अर्धवटच उघडतात.

दोन्ही झाडं एकाच वेळी फुलायला हवीत. दवबिंदूच्या दांड्यावर फुलं खालून वर एकेक उमलतात, बहुतेक वेळा दिवसाला एकच, आणि प्रत्येक फूल काही तासच उघडं असतं. पण दांड्यावर बऱ्याच कळ्या असल्यामुळे हंगाम काही आठवडे चालतो. एखाद्या झाडाला फार लवकर दांडा आला तर तो कापून टाकावा; निरोगी झाड थोड्या दिवसांत दुसरा काढतं. पराग साठवण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो.

पुंकेसर काढणं

सगळ्यात नाजूक काम हे. ड्रॉसेराच्या फुलात साधारणपणे पाच पाकळ्या आणि पाच पुंकेसर असतात. मध्ये अंडाशय आणि त्यावर तीन परागवाहिन्या, पण त्या बुडापासून दुभंगलेल्या असल्याने सहा दिसतात. फूल मिटताना पाकळ्या आत वळतात आणि परागकोश कुक्षींवर दाबले जातात. कीटक फिरकला नाही तरी त्या क्षणी स्वपरागसिंचन होऊन जातं. त्याआधी पाचही परागकोश निघायला हवेत.

दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी ओळखायला शिका. ती दांड्याच्या वाकलेल्या टोकाच्या सगळ्यात वरच्या भागी येते, फुगलेली असते, आणि निदलांच्या टोकांमधून पाकळीचा रंग डोकावतो. संध्याकाळी ही कळी भिंगाखाली धरा. निदलं चिमट्याच्या टोकाने अलगद दूर करा, पाकळ्या बाजूला सरकवा आणि परागकोशाखालचा तंतू पकडून एकेक पुंकेसर उपटा. परागकोश कधीही चिमटीत दाबू नका, फुटला तर पराग तिथेच सांडतो. पाच मोजा. चार निघाले आणि एक राहिला तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून निघालेले पुंकेसर पांढऱ्या कागदावर ओळीने ठेवून मोजायची सवय लावा.

कळी फारच लहान असेल, उदाहरणार्थ पिग्मी जातींमध्ये, तर संध्याकाळी हे जमत नाही. अशा वेळी सकाळी फूल उमलताच लगेच बघावं. परागकोश अजून बंद असतील तर काढता येतात. भिंगातून परागकोशावर पिठासारखी भुकटी दिसली तर ते फूल सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशीचं घ्या. एकाच दांड्यावर दुसऱ्या-तिसऱ्या कळीपर्यंत हात बसतो.

दर वेळी चिमटा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडा होऊ द्या. स्पिरिटने चिमट्यावरचा जुना पराग मरतो, पण ओला चिमटा कुक्षीला लागला तर कुक्षीच जळते.

परागसिंचन

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही झाडांची फुलं उमलली की बापाच्या फुलातला एक पिकलेला परागकोश तंतूला धरून काढा आणि आईच्या सहाही टोकांवर हलकेच टेकवा. ब्रश वापरू नये. ब्रशच्या केसांत आधीचा पराग अडकून राहतो आणि तो धुऊन निघाला की नाही ते कळत नाही. ड्रॉसेराचा पराग चार-चार कणांच्या गठ्ठ्यात सुटतो, त्यामुळे भिंगातून कुक्षीवर चिकटलेला दिसतो. दिसला नाही तर दुसरा परागकोश घ्या. शक्य असेल तर तासाभराने पुन्हा एकदा लावा.

लगेच फुलाच्या देठाला रंगीत दोऱ्याची सैल गाठ बांधा. वहीत तारीख, आई, बाप आणि दोऱ्याचा रंग लिहा. त्याच दांड्यावरची, हात न लावलेली बाकीची फुलं खुडून टाका, म्हणजे ताकद बोंडाला जाईल आणि चुकीचं बी मिसळणार नाही. घरात चिलटं किंवा इतर कीटक असतील तर फुलावर पातळ जाळीची पिशवी घाला.

एक फूल मात्र मुद्दाम वेगळं ठेवा: पुंकेसर काढलेलं, पण पराग न लावलेलं. त्याला वेगळ्या रंगाचा दोरा. त्यात बी धरलं तर समजा की पुंकेसर काढण्याचं तंत्र अजून कच्चं आहे आणि शेजारच्या बोंडावरही विश्वास ठेवता येणार नाही. हे साक्षीदार फूल लोक नेहमी टाळतात. माझ्या मते ते नसेल तर संकराचा दावाच करू नये.

बोंड आणि बी

फूल मिटल्यावर दोनेक आठवड्यांत अंडाशय फुगलेला दिसायला हवा. बोंड तपकिरी-काळं होऊन वाळायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. वाळलं की दांडा कापून पांढऱ्या कागदावर टिचक्या मारा. बी धुळीसारखं असतं, त्यामुळे पंखा बंद ठेवा. भिंगातून भरलेलं बी आणि पोकळ भुसा यातला फरक दिसतो. दोन वेगळ्या संख्यांच्या गुणसूत्रांच्या जोडीत भुसाच जास्त मिळतो आणि एखाद-दुसरंच बी भरलेलं असतं. ते एकही फेकू नका.

पेरणी सोपी आहे. उकळतं पाणी ओतून गार केलेलं ताजं पीट-परलाइट घ्या. आधी वापरलेलं माध्यम अजिबात नको, कारण कॅपेन्सिसचं बी त्यात पडलेलं असतं आणि ते कधी उगवेल याचा नेम नाही. बी वरच शिंपडायचं, झाकायचं नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. वर पारदर्शक झाकण ठेवा. २० ते २५ अंश तापमानात दोन ते सहा आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. आई-बाप थंड प्रदेशातले असतील, जसं रोटुंडिफोलिया किंवा फिलिफॉर्मिस, तर बी ओल्या पीटवर फ्रिजमध्ये चार ते सहा आठवडे, ४ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. एक पालक थंडीचा आणि एक उबदार हवेचा असेल तर अर्धं बी फ्रिजमध्ये ठेवा आणि अर्धं सरळ पेरा.

संकर खरा आहे का?

आता कॅपेन्सिसला आई करायचा उपाय. कॅपेन्सिसचा 'अल्बिनो' म्हणून ओळखला जाणारा पांढऱ्या फुलांचा प्रकार असतो. त्यात लाल रंगद्रव्य नसतं, पानांवरच्या चिकट केसांची टोकं फिकी असतात, आणि हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसतो. ही आई घ्या आणि लाल केसांचा बाप, समजा अ‍ॅलिसी. रोपं पाच-सहा पानांची झाली की भरपूर उजेडात ठेवून बघा. ज्याच्या केसांना लाली आली ते संकर, फिकं राहिलं ते आईच्याच परागाचं. वर्षभर पानाच्या आकारावरून तर्क करत बसण्यापेक्षा हा निकाल काही आठवड्यांत मिळतो. दवबिंदूच्या संकरात याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

अशी खूण नसेल तर दोन्ही पालकांची रोपं त्याच वयाची, शेजारच्या कुंडीत लावून तुलना करा. पानाची लांबी-रुंदी, देठावरची लव, उपपर्णाचा आकार बघा. रोप फुलल्यावर पराग सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठा करून पाहा. आकसलेले, रिकामे, लहान-मोठे कण हे संकराचं बळकट लक्षण आहे. दांड्यावरची सगळी बोंडं पोकळ राहिली तर तेही.

पसंतीचं रोप मिळालं की लगेच त्याच्या प्रती करा. निरोगी पान बुडापासून काढून डिस्टिल्ड पाण्यात तरंगत ठेवा, झाकण लावा, उजेडात ठेवा. तीन ते सहा आठवड्यांत पानावरच रोपटी फुटतात. कॅपेन्सिसच्या वंशाचे संकर मुळांच्या तुकड्यांपासूनही येतात, आणि पिग्मी संकर आपल्या जेमांपासून, म्हणजे गळून रुजणाऱ्या बारीक कळ्यांपासून. वांझपणामुळे फक्त बी थांबतं. रोप आपण कितीही वर्षं टिकवू शकतो.

बाटलीचा मोह

वांझ संकर सुपीक करायचा तर गुणसूत्रं दुप्पट करायला हवीत, आणि कोल्चिसिन ते करतं. विभागणाऱ्या पेशीत गुणसूत्रांना दोन टोकांना ओढणारे जे धागे असतात ते कोल्चिसिन बनूच देत नाही. गुणसूत्रांच्या प्रती झालेल्या असतात, पण पेशी दुभंगत नाही, म्हणून एकाच पेशीत दुप्पट संच उरतो. वनस्पतींवर त्याचा हा उपयोग १९३७मध्ये अमेरिकेत ब्लेक्सली आणि एव्हरी यांनी दाखवला आणि तेव्हापासून ते पीकसुधारणेत वापरात आहे. इथपर्यंत सगळं खरं आहे.

पण तेच धागे आपल्या पेशींतही असतात. आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा यांच्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून विषबाधा तिथे आधी दिसते. गाउट या सांध्यांच्या दुखण्यावर दिली जाणारी कोल्चिसिनची गोळी ०.५ किंवा ०.६ मिलिग्रॅमची असते, आणि तीही डॉक्टर जपून देतात. झाडांवर वापरायच्या ०.५ टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे आठ ते दहा गोळ्या. एक मिलिलिटर म्हणजे साधारण वीस थेंब.

त्यातही घातक गोष्ट म्हणजे लक्षणं उशिरा येतात. पहिले काही तास माणसाला काहीच वाटत नाही. मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात, अन्नातून बाधा झाली असावी असं वाटतं, आणि पुढच्या काही दिवसांत रक्तपेशी घटणं, मूत्रपिंड, यकृत, हृदय निकामी होणं इथवर गोष्ट जाते. यावर सर्वत्र उपलब्ध असा उतारा नाही. द्रावण झाडात नीट शिरावं म्हणून काही जण त्यात डीएमएसओ मिसळतात. हा पदार्थ सोबतचं रसायन माणसाच्या कातडीतूनही आत नेतो. द्रावणाचा थेंब ट्रेवर वाळला की त्याची न दिसणारी पूड राहते, आणि दवबिंदूंचे ट्रे आपण रोज उघड्या हातांनी उचलतो.

गाउटच्या गोळ्या कुटून किंवा कळलावीचे कंद वाटून 'घरगुती' द्रावण करण्याचे सल्ले फिरत असतात. कळलावीत कोल्चिसिन असतंच, पण कोणत्या कंदात किती हे कोणी सांगू शकत नाही, आणि ते कंद खाऊन माणसं दगावलेली आहेत. या सल्ल्यांच्या वाटेला जाऊ नका.

कोल्चिसिन गुणसूत्रांची संख्या बदलतं. खऱ्या अर्थाने उत्परिवर्तक रसायनं त्याहून वेगळी, कारण ती डीएनएचा मजकूरच बदलतात, आणि जे रसायन झाडाच्या डीएनएला लागतं ते आपल्यालाही लागतं. रसायनाने उत्परिवर्तन होतं हे प्रथम सिद्ध झालं ते मस्टर्ड गॅस या युद्धात वापरलेल्या विषारी वायूवर. एडिनबरोमध्ये शार्लोट आउअरबाख या शास्त्रज्ञ बाईंनी सहकारी रॉब्सन यांच्यासोबत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फळमाश्यांवर ते काम केलं, आणि त्यात त्यांचे हात भाजले. हे प्रयोगशाळेत, जाणत्या माणसाच्या बाबतीत झालं.

आज बियांवर सर्रास वापरलं जातं ते ईएमएस, म्हणजे इथाइल मिथेनसल्फोनेट. ते डीएनएतल्या ग्वानिनला चिकटतं आणि पुढच्या प्रतीत अक्षर बदलतं. दिसायला पाण्यासारखं, हवेत उडणारं, कर्करोगकारक असण्याचा संशय असलेलं. प्रयोगशाळेत ते फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात, हाताळतात, बिया धुतलेलं प्रत्येक पाणी सोडियम थायोसल्फेटसारख्या रसायनाने निष्क्रिय करतात आणि घातक कचरा म्हणून वेगळं देतात. उघडी खिडकी हा फ्यूम हूडला पर्याय होऊ शकत नाही, कारण वारा वाफ खोलीतच फिरवतो.

सोडियम अ‍ॅझाइड दिसायला मिठासारखं पांढरं आणि सायनाइडप्रमाणेच पेशींचा श्वास थांबवणारं. आम्लाशी आलं की हायड्रॅझोइक आम्लाची विषारी वाफ सुटते, आणि बियांवर ते परिणामकारक ठरतं तेच आम्लधर्मी द्रावणात. मोरीत ओतलं तर तांब्याच्या किंवा शिशाच्या नळांत स्फोटक क्षार जमतात. नायट्रोसोयुरिया वर्गातली काही रसायनं तर प्रयोगशाळांत प्राण्यांमध्ये कर्करोगाच्या गाठी निर्माण करण्यासाठी वापरली जातात.

ओरायझॅलिन आणि ट्रायफ्लुरालिन ही तणनाशकं वनस्पतीच्या धाग्यांना जास्त आणि प्राण्यांच्या धाग्यांना फारच कमी चिकटतात, त्यामुळे गुणसूत्रं दुप्पट करायला कोल्चिसिनऐवजी ती वापरतात. धोका त्यांनी कमी होतो, पण संपत नाही. शेतीत वापरायचं तणनाशक स्वयंपाकघरात मोजायचं नसतं.

आणि एवढं करून मिळतं काय?

धोका बाजूला ठेवला तरी घरच्या माणसाच्या हाती यातून फारसं लागत नाही. बहुतेक उत्परिवर्तनं अप्रभावी असतात, म्हणजे पहिल्या पिढीत दिसतच नाहीत. त्या रोपांचं स्वपरागाने बी घेऊन दुसऱ्या पिढीत शोधावी लागतात, तेही शेकडो-हजारो रोपांत. दवबिंदूच्या अनेक जातींत तर गुणसूत्रांचे चार किंवा आठ संच असतात. एका संचातलं जनुक बिघडलं तरी बाकीचे ते झाकून टाकतात. बरीचशी उत्परिवर्तित रोपं फक्त खुरटी, फिकी किंवा वेडीवाकडी निघतात.

कोल्चिसिनची गत वेगळी नाही. दवबिंदूच्या रोपट्याचा वाढीचा कोंब मिलिमीटरच्या अंशाएवढा असतो. मात्रा जराशी जास्त झाली की तो मरतो. जगलेल्या रोपात काही पेशी दुप्पट आणि काही साध्या, असं मिश्रण असतं, आणि साध्या पेशी भराभर वाढून दुप्पट पेशींना मागे टाकतात. गुणसूत्रं खरंच दुप्पट झाली का हे पाहायला मुळाच्या टोकाच्या पेशीत ती मोजावी लागतात. ड्रॉसेराची गुणसूत्रं अतिशय लहान, त्यामुळे चांगला सूक्ष्मदर्शक आणि सरावलेला हात दोन्ही हवेत. म्हणजे घातक विष हाताळूनही आपल्याला काय मिळालं हे घरी कळतच नाही.

वांझ संकराला बी हवंच असेल तर एक निर्धोक वाट आहे, ती सावकाशीची. कधीकधी झाड गुणसूत्रं न घटवताच पराग किंवा बीजांड बनवतं. अशी दोन एकत्र आली की दुप्पट गुणसूत्रांचं, सुपीक रोप जन्मतं. निसर्गात हे घडून गेलेलं आहे. अँग्लिका ही जातच रोटुंडिफोलिया आणि लिनिआरिस यांच्या संकरातून गुणसूत्रं दुप्पट होऊन आली. कॅरोल वुड यांनी १९५५मध्ये त्याचे पुरावे मांडले. जपानमधली टोकाइएन्सिस तशीच, रोटुंडिफोलिया आणि स्पॅट्युलाटा यांच्या संकरातून आलेली, ६० गुणसूत्रांची. म्हणून वांझ संकराच्या भरपूर प्रती करा, सगळ्यांना फुलू द्या, आणि पोकळ बोंडंही फेकण्याआधी एकेक करून भिंगाखाली फोडून बघा. एखाद्या बोंडात दोन भरलेल्या बिया सापडल्या तर त्या वेगळ्या कुंडीत, तारीख लिहून पेरा.

बाटली आधीच घरात असेल तर

उघडू नका, मोरीत ओतू नका, जाळू नका, मातीत पुरू नका. नाव ठळक लिहून, बंद डब्यात, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, आणि घातक रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत यंत्रणेला किंवा ते स्वीकारणाऱ्या रसायनशास्त्र विभागाला विचारून त्यांच्या स्वाधीन करा. खाण्याच्या फ्रिजमध्ये ती कधीही नको.

अंगावर सांडलं तर कपडे लगेच काढून कातडी भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरा. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. तिन्ही वेळा रसायनाचं नाव किंवा लेबलचा फोटो घेऊन थेट इस्पितळ गाठा. काही होत नाही म्हणून घरी थांबू नका. कोल्चिसिनमध्ये हे सुरुवातीचे शांत तासच फसवे असतात. बाटली वापरून झालेली असेल तर त्या ट्रेमधली झाडं, माध्यम आणि पाणीही त्याच कचऱ्यात धरा, आणि ती रोपं कोणाला देऊ नका.

नाव आणि वाटप

लेबलवर संकराचं सूत्र लिहा: आधी आई, मग × चिन्ह, मग बाप. उलट केलेला संकर वेगळा लिहायचा, कारण दिसण्यात फरक पडू शकतो. एखादं रोप खरोखर वेगळं निघालं, प्रती काढल्यावरही ते रूप टिकलं, तर त्याला वाणाचं नाव देता येतं. मांसाहारी वनस्पतींच्या वाणांची नोंदणी १९९८पासून इंटरनॅशनल कार्निव्होरस प्लांट सोसायटी करते. त्यासाठी वर्णन आणि प्रमाण छायाचित्र लागतं. एकाच जोडीच्या शंभर रोपांतल्या प्रत्येकाला नाव देऊ नका. दोन-तीन हंगाम वाढवून, शेजारी त्याची भावंडं ठेवून, मग ठरवा.

संकर रोप, बी किंवा वापरलेलं पीट ओढ्याकाठी किंवा दलदलीत टाकू नका. कॅपेन्सिस न्यूझीलंडमध्ये उपद्रवी वनस्पतींच्या यादीत आहे, आणि सुपीक संकर तिथल्या मूळच्या दवबिंदूंशी मिसळला तर तो परत वेगळा काढता येत नाही. जुनं माध्यम उकळत्या पाण्याने भिजवा, पूर्ण गार होऊ द्या आणि पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.